जॉर्जेटची शिवण

मॅट्रिकला मी गणितात दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा बसायची इच्छा माझीही नव्हती आणि मला बसवायची घरातल्या कुणाचीही नव्हती. मला अठरावं लागलं होतं. स्थळं बघणं सुरू होतं, पण त्याची आमच्या घरात कुणाला घाई नव्हती. तोवर मुलीने रिकामं बसू नये म्हणून आईने मला शिवण शिकायला पाठवलं. ही पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाल्यानंतरची गोष्ट.

शिकवणाऱ्या बाई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्या इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या. पनवेलात त्या लोकांची थोडीच घरं होती. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. बाईंच्या घरी घाणा मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून होते, ते वारले होते. बाईंनी मुलींच्या शाळेत बरीच वर्षं शिवण शिकवलं होतं आणि शाळा सोडल्यावर घरीच कामं घ्यायला लागल्या होत्या. मुलगा मुंबईत नोकरीला होता, रविवारी येई. एरवी घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. माजघरात खाटेवर पडून असत आणि मशीनचा आवाज थांबला की आतून विचारत, "काय गं, तुटला का दोरा?"

बाई आमच्यासारखंच मराठी बोलत, नऊवारी नेसत. मासळी त्यांना आमच्यापेक्षा चांगली कळे, पण खवलं असलेलीच घेत, कोलंबीच्या टोपलीकडे बघतही नसत. शुक्रवारी दिवस कलायला लागला की मशीनवर झाकण पडे. मग शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत त्या घरात सुईला कुणी हात लावत नसे. गिऱ्हाइकांना ते माहीत होतं आणि त्या हिशेबानेच ती कापड आणून देत.

बाईंकडे जाडंभरडं काम येत नसे. कामोठ्या-कळंबोलीच्या शेतकऱ्यांच्या बंड्या, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे यांना बाजारात शिंपी होते. बाईंकडे येई ते तलम: मलमल, वायल, रेशीम, लेस. मुंबईला दिलेल्या मुली बाळंतपणाला माहेरी आल्या की त्यांच्या आया झबल्यांचं कापड घेऊन येत. कुणाची पातळ साडी फाटली की तिचं पोलकं बाई करून देत.

पहिले तीन महिने मला मशीनवर शिवायला दिलं नाही. मलमलीचे दोन वीतभर तुकडे द्यायचे आणि ते हाताने जोडायला सांगायचं, एवढंच. जोडलेला तुकडा बाई खिडकीशी नेत, शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवून ताणत आणि उजेडात बघत. शिवणीलगत भोकांची रांग दिसली की तुकडा परत माझ्या मांडीवर पडे. दिसली नाही तर तो सोड्याच्या गरम पाण्यात टाकून, आपटून, पिळून वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी न्यायचा.

"जाड कापड चूक पोटात घालतं," बाई म्हणत. "तलम घालत नाही."

तलम कापडाची कातरलेली कड फार दिवस टिकत नाही. तिच्या दशा सुटतात आणि एक दिवस कापड शिवणीतून निघून येतं. त्यावर बाईंची दुहेरी शिवण होती. दोन्ही तुकडे आधी सुलट बाजूने, कडेजवळ शिवायचे. मग सुटलेल्या दशा कातरायच्या, कापड उलटायचं, घडी नखाने दाबून बसवायची आणि आता उलट बाजूने पुन्हा एकदा शिवायचं. कच्च्या कडा दोन शिवणींच्या मध्ये कायमच्या बंद होतात. बाहेरून एक रेघ दिसते, आत एक बारीकशी नळी हाताला लागते. तान्ह्या बाळाच्या झबल्याला मात्र ती नळी बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण ते आठ दिवसांचं मूल बोलून सांगू शकत नाही की मला टोचतंय. हेही मी बाईंकडेच शिकले.

शिवणीच्या पलीकडे जे जादा कापड राखतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाई दिवसातून दहा वेळा विचारत, "माया किती ठेवलीस?" फार ठेवली तर शिवण जाड होते, कमी ठेवली तर सुटते. तलम कापडाला किती, रेशमाला किती, हे त्या आकड्यात सांगत नसत, बोटाचं पेर धरून दाखवत.

दुसऱ्या वर्षापर्यंत मला बरंचसं यायला लागलं. मशीनवर माझा हात बाईंपेक्षा वेगाने चाले. त्या वर्षी थंडीत खाला जॉर्जेट घेऊन आल्या.

खाला मुसलमान मोहल्ल्यात राहत. त्यांचं माहेर-सासर दोन्ही कोकणातलं. मोहल्ल्याबाहेरचे लोकही त्यांना खाला, म्हणजे मावशीच म्हणत. त्यांचा मुलगा बोटीवर खलाशी होता. बहिणीचा निकाह ठरला म्हणून त्याने कुठल्याशा बंदरातून साडेपाच वार रेशमी जॉर्जेट आणलं होतं, फिक्या आबोली रंगाचं. खालांनी ते रुमालातून काढून बाईंच्या चटईवर ठेवलं तेव्हा मला वाटलं हा फार तर एका ओढणीचा ऐवज असेल. उलगडलं तर खोलीभर झालं.

"शिंप्याकडे नाय देणार," खाला म्हणाल्या. "त्याच्या मशीनवर गाडीच्या ताडपत्र्या शिवतात. ह्याचा पोरीला कुर्ता पाहिजे आणि वर ओढणी. माझ्या पोराच्या पगाराचं कापड हाय, बाई. दुसऱ्यांदा येणार नाय."

बाईंनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. "हे सरकणारं आहे. वेळ लागेल."

"रविवारी लग्न हाय."

तो सोमवार होता. बाईंनी मला नवऱ्या मुलीचं माप घ्यायला सांगितलं. मुलगी आईच्या मागे बसली होती. माझ्याच वयाची. माप घेताना ती सारखी हसत होती, कारण टेपने तिला गुदगुल्या होत होत्या.

बेतणं बाईंनी स्वतः केलं. जॉर्जेट कात्रीखालून पळतं, म्हणून खाली वर्तमानपत्राचे कागद पसरून त्याला ते टाचलं आणि कागदासकट कापलं. शिवतानाही खाली पातळ कागद ठेवायचा आणि शिवून झालं की फाडून काढायचा, असं ठरलं. मशीनला नवी, सगळ्यांत बारीक सुई लावली. मंगळवारी खांद्यांच्या शिवणी बाईंनी घातल्या. बुधवारी सासूबाईंना ताप भरला.

ताप बघता बघता वाढला. डॉक्टर येऊन गेले, मुलाला तार केली. बाई खाटेपासून हलेनात. गुरुवारी सकाळी त्या माजघराच्या दारात आल्या, माझ्या हातात कुर्ता दिला आणि म्हणाल्या, "बाजूंच्या शिवणी दुहेरी घाल. बगलेला दुहेरी बसायची नाही, तिथे गोलाई आहे. तिथे एक टीप घाल, माया चांगली ठेव आणि त्या कडेवर तिरप्या कापडाची पट्टी हाताने लाव. मशीनवर नको. दिवस जाईल, जाऊ दे. उद्या दुपारपर्यंत दिलं पाहिजे."

बाजूंच्या शिवणी मी नीट घातल्या. आज पुन्हा पाहिल्या तरी त्यात खोड निघणार नाही असं मला वाटतं. मग बगला आल्या. टीप घातली. कडा जाड दिसत होत्या, त्या दाभणाएवढ्या राखून बाकी कातरल्या. तिरपी पट्टी कापायला घेतली तर ती माझ्या हातात वळवळायला लागली, दुमडेना की सरळ राहीना. दोन पट्ट्या वाया गेल्या. तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी कडेवरून नुसता वेढ्याचा टाका फिरवला आणि काम संपवलं. कुर्ता सुलट करून टांगला तर सुरेख दिसला. बगलेच्या आत कोण बघतं, असं मला वाटलं. आणखी असंही वाटलं की मला आता कळतं, कुठे पट्टी लागते आणि कुठे लागत नाही.

संध्याकाळी बाईंनी आतूनच विचारलं, "पट्टी लावलीस?"

"हो," मी म्हटलं.

एरवी त्या काम उलटं करून बघत. त्या दिवशी बघितलं नाही. शुक्रवारी दुपारी मी कुर्ता आणि ओढणी मोहल्ल्यात देऊन आले.

रविवारी पहाटे सासूबाई गेल्या. त्यांच्यात दफनाला उशीर करत नाहीत. मुलगा रात्रीच मुंबईहून पोचला होता. मी आईबरोबर गेले तेव्हा माजघरात बाई आणि त्यांच्या नात्यातल्या दोन बायका जमिनीवर बसून पांढऱ्या कापडाचे कपडे शिवत होत्या. मयताला घालायचे ते कपडे घरातल्या बायका हाताने शिवतात, हे मला माहीत नव्हतं. आई बाहेरच्या बायकांत बसली. मी दारात उभी राहिले. बाईंना सुईत दोरा ओवता येईना, डोळे भरलेले होते. त्यांनी सुई माझ्याकडे केली. मी ओवली आणि सवयीने दोऱ्याच्या टोकाला गाठ मारून परत दिली.

बाईंनी गाठ कातरली. "ह्याला गाठ नसते," त्या म्हणाल्या.

"मग सुटेल ना?"

"सुटू दे."

त्या लांब लांब धावदोरा घालत होत्या, बोट बोट अंतराचा. आमच्या मलमलीच्या तुकड्यावर असा टाका दिसला असता तर त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला असता. मी बघत राहिले. त्यांच्या हाताला तो टाका जमत नव्हता. मधेच तो आपोआप बारीक होई आणि मग त्या तेवढा दोरा ओढून काढत आणि पुन्हा लांब घालत. शेवटी एक सदरा, एक पायजम्यासारखं, डोक्याची टोपी असं तयार झालं. अकराच्या सुमारास पुरुष माणसं सासूबाईंना घेऊन गेली.

त्यानंतर सात दिवस त्या घरात कामधंदा बंद होता. बाई चटईवर बसून असत. लोक येत, बसत, जात. शेजारपाजारच्या घरांतून जेवण येई. मी रोज सकाळी जाऊन पाणी भरत असे आणि आल्यागेल्यांच्या चपला दारात नीट लावत असे. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी खाला आल्या. काखेत बोचकं होतं. दारातल्या चपला बघून त्या थबकल्या, आत बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. लग्नाच्या गडबडीत त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं. त्या आत येऊन भिंतीशी बसल्या. बोचकं त्यांनी पाठीमागे सरकवलं. पण रुमालाचं एक टोक सुटलं होतं आणि त्यातून आबोली रंग दिसत होता.

खालांनी बाईंचा हात हातात घेतला. "वरच्याच्या मर्जीपुढे आपलं काय चालतं, बाई," म्हणाल्या. मग सासूबाईंचं वय विचारलं, शेवटी पाणी घेतलं होतं का विचारलं. बाईंनीच आठवण काढली, "लग्न पार पडलं का?"

"पडलं. झकास पडलं."

"कुर्ता बसला नीट?"

"लोक बघत राहिले," खाला म्हणाल्या.

त्या उठल्या, बोचकं पदराखाली घेतलं आणि निघाल्या. मी पाण्याची कळशी घेऊन त्यांच्या मागे बाहेर पडले आणि तळ्याच्या कडेला त्यांना गाठलं.

"खाला, कुर्ता परत आणला होता ना?"

"कुठला कुर्ता?"

"बोचक्यात आहे तो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मयत झालेल्या घरात मी कपडा फाटल्याची तक्रार करू? त्यांनी एवढ्या धावपळीत शिवून दिला. झालं असेल काय तरी. म्हातारीकडे बघणार का कुर्त्याकडे?"

"बाईंनी नाही शिवल्या बगला. मी शिवल्या. त्यांनी पट्टी लावायला सांगितलं होतं. मी लावली नाही, आणि लावली म्हणून सांगितलं."

हे बोलताना मला रडू वगैरे आलं नाही. कळशी कमरेवर जड झाली होती, तेवढं आठवतं. खालांनी विचारलं, "बाईंना ठाऊक हाय?"

"नाही."

"बरं. उद्या दुपारी घरी ये. सुई-दोरा घेऊन ये."

घरी मी आईला झालं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दिवेलागणीच्या आत परत ये."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा नवरी माहेरी आलेली होती. तिला उरणला दिली होती. तिने कुर्ता माझ्यासमोर पसरला. उजवी बगल टिचभर उघडी पडली होती, डावीही सुटायला लागली होती. टीप जशीच्या तशी होती, एक टाकाही तुटला नव्हता. दोरा शाबूत राहून कापडच त्यातून निसटलं होतं, आणि निसटलेल्या कडेला पिंजारलेल्या दशा लोंबत होत्या.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"एश्टीच्या स्टँडवर," ती म्हणाली आणि हसायला लागली. "भाई दोन दिवसांनी बोटीवर जाणार होता. आता दोन वर्षं भेट नाय. मी त्याच्या गळ्यात हात टाकले, तसं टर्र झालं. त्याला वाटलं काय तरी पडलं, तो खाली बघायला लागला. मी ओढणी ओढून घेतली आणि हात अंगाला चिकटवून बसले ती उरणपर्यंत. सासरी उतरवून घेताना, जेवताना, हात खालीच. सासू बायकांना सांगत होती, सून फार अदबीची हाय, कोपरसुद्धा उचलत नाय."

खालांनाही हसू आलं. मला आलं नाही. त्यावर नवरी म्हणाली, "अगं, हास की. मी नाय रडले, तू कशाला रडतेस?" मी रडत नव्हते, पण तसं दिसत असावं.

दुरुस्ती सोपी नव्हती. विरलेलं कापड कापून टाकायचं तर बगल आखडणार, आणि जॉर्जेटचा तुकडा उरलेला नव्हता. माझ्या वाया घालवलेल्या दोन पट्ट्या त्यातल्याच होत्या. ओढणीच्या एका टोकाची पट्टी काढावी लागली असती. मी तसं सांगितलं आणि कात्री खाली ठेवली. मला ते करायचं नव्हतं.

"काप," खाला म्हणाल्या.

"ओढणी आखूड होईल."

"चार बोटांनी आखूड झाली तर कुणाला कळतं? कुर्त्यात हात हलला पाहिजे. काप तू."

मी कापली. त्या पट्टीचे दोन चौकोन केले आणि ते दोन्ही बगलांत तिरपे बसवले, म्हणजे हात उचलला की ताण शिवणीवर न येता त्या तुकड्यावर येतो. चौकोनाच्या बाजू सरळ होत्या, त्यामुळे तिथे दुहेरी शिवण बसली. सगळं हाताने. टाका इतका बारीक की एका बगलेला एक अख्खी दुपार गेली. तिसऱ्या दुपारी ओढणीची कातरलेली कड बोटांवर वळत वळत गुंडाळून शिवली. नवरी शेजारी बसून तांदूळ निवडत असे आणि उरणच्या घराबद्दल बोलत असे: विहीर खारी आहे, दीर लहान आहेत, नवरा झोपेत बोलतो. मला तिच्याशी मैत्री करावीशी वाटत होती, पण काम संपेपर्यंत त्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. काम संपल्यावर तिने कुर्ता घातला, दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि आईच्या गळ्यात टाकले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती उरणला गेली, आणि मैत्री राहून गेली.

बाईंचे सात दिवस संपले. आठव्या दिवशी मी गेले, तर त्या मशीनवरची धूळ पुसत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी, खाला, ओढणी, सगळं. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"माया किती ठेवली होतीस?"

मी बोटाने दाखवली.

"एवढी? जॉर्जेटला?"

"कातरल्यावर तेवढीच उरली."

"आता ते कुठे आहे?"

"उरणला गेलं."

"म्हणजे मला बघायला नाही मिळायचं." त्यांनी मशीनला तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिवण चुकते. माझीही चुकली आहे. मी विचारलं तेव्हा हो का म्हणालीस?"

हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्याच दुपारी त्या मोहल्ल्यात जाऊन खालांना भेटून आल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला दोघींपैकी कुणीही सांगितलं नाही.

बाईंनी मला काढलं नाही, कामही कमी केलं नाही. पण त्यानंतर माझ्या हातचा प्रत्येक कपडा त्या स्वतः उलटा करत आणि प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवत, मग तो साधा पेटीकोट का असेना. हे बिनबोभाट चाले. पूर्वीही त्या बघत, पण पूर्वीचं बघणं शिकवण्यासाठी असे. पहिले काही महिने मला त्याचा अपमान वाटला. मग सवय झाली. मग मी स्वतःच कपडा उलटा करून त्यांच्या हातात द्यायला लागले. त्या शेवटपर्यंत बघत राहिल्या.

वर्षभराने खाला आल्या त्या झबल्यांचं मलमल घेऊन. उरणला मुलगी झाली होती. "हिने शिवायचं," माझ्याकडे बोट दाखवून त्या बाईंना म्हणाल्या. बाईंनी होकार दिला. मी सहा झबली शिवली, नळी बाहेर ठेवून. बाईंनी सहाही तपासली.

माझं लग्न पनवेलातच झालं. सासरचं घर बाजाराच्या बाजूला होतं. नवऱ्याने जुनं मशीन घेऊन दिलं, पण मोठी कामं मी बाईंकडे बसूनच करत असे. त्या काळात इस्रायली मंडळींची एकेक घरं बंद होत होती. आधी तरुण इस्रायलला जात, मग म्हाताऱ्यांना बोलावून घेत. साठ साल उलटल्यावर बाईंच्या मुलाचेही कागद झाले. बाईंना जायचं होतं की नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. त्या एवढंच म्हणत, "मुलगा एकच आहे."

मशीन त्या बरोबर नेणार होत्या. सुताराकडून खोका करवून घेतला आणि त्यावर गोणपाट शिवायचं ठरलं. आम्ही दोघी पडवीत बसून दाभणाने आणि सुतळीने ते शिवत होतो. दोघींचेही हात त्या कामाला नवखे होते, सुतळीने बोटं सोलून निघाली. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिवणात गेली, आणि गोणपाट कधी शिवलं नाही बघ." मग आम्ही सुतळीला मेण लावून पाहिलं, तेव्हा काम जरा बरं चाललं. दुसऱ्या दिवशी टांगा आला. सकाळची वेळ होती, मला घरी पाहुणे होते, म्हणून मी टांग्यापर्यंतच गेले.

त्यांची पत्रं येत. अक्षर शाळेतल्या बाईंचं, टपोरं. तिथे त्या एका कारखान्यात लागल्या होत्या. दिवसभर एकाच प्रकारच्या बाह्या लावायच्या, दुसरं काही नाही. भाजी महाग आहे, थंडी कोरडी आहे, कोकम मिळत नाही. पुढच्या पत्रांत डोळ्याचं दुखणं आलं, मग ऑपरेशन, मग कारखाना सोडल्याचं.

त्याच सुमारास पनवेलच्या बाजारात नायलॉन आलं. बायका हौसेने घेत आणि माझ्याकडे आणत, आणि मला ते जमत नव्हतं. दोन-तीन ब्लाउज वाया गेले. मी हे बाईंना लिहिलं.

उत्तर आलं ते मुलाच्या अक्षरात, बाईंनी सांगून लिहवून घेतलेलं. तिथेही तेच कापड आलं आहे, असं त्यात होतं. शेजारणीचं एक काम हौसेने घेतलं, धुतल्यावर शिवण सगळी चुण्या पडून आखडली, दोरा आटतो आणि कापड आटत नाही म्हणून असं होत असावं. खाली त्यांनी विचारलं होतं, तू कुठला दोरा वापरतेस आणि माया किती ठेवतेस ते कळव.

मी तीन पानं उत्तर लिहिलं. बरोबर दोन नमुने शिवून लिफाफ्यात घातले, एक सुती दोऱ्याचा आणि एक रेशमी. दोन्ही आधी धुऊन वाळवले होते, म्हणजे फरक त्यांच्या हाताला लागावा. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. नमुने पोचले की नाही ते मला कळलं नाही. रेशमी दोऱ्याचा नमुना धुतल्यावर चांगला टिकला होता. नायलॉनला मी पुढे तोच वापरत राहिले.